एपिड्युरलनंतरच्या डोकेदुखीच्या तक्रारीवर रुग्णालयाचं उत्तर

नमस्कार. बाळंतपणातल्या कळा कमी व्हाव्यात म्हणून कमरेत एपिड्युरलचं इंजेक्शन देऊनही डाव्या बाजूच्या कळा थांबल्या नाहीत, दुसऱ्या दिवशी उठून बसलं की डोकं फुटायचं, आणि संमतीपत्रावर सही ऐन कळांमध्ये घेतली, असं तुम्ही लिहिलं आहे. केसपेपरमधलं काही जाहीर लिहिता येत नाही, म्हणून फक्त या मुद्द्यांवर बोलतो.

सहीबद्दल चूक आमची आहे. दर तीन मिनिटांनी कळ येत असताना धोके कोण ऐकणार? ही माहिती आठव्या महिन्यातल्या तपासणीतच द्यायला हवी होती. क्षमस्व.

आता डोकेदुखी. एपिड्युरलची सुई जाड असते, १६ किंवा १८ गेजची. मज्जारज्जूभोवतीच्या पडद्याच्या अलीकडे ती थांबवावी लागते. साधारण शंभरात एखाद्या वेळी, अनुभवी डॉक्टरच्या हातूनसुद्धा, पडद्याला भोक पडतं आणि आतलं पाणी झिरपत राहतं. म्हणून बसलं की दुखतं, आडवं झालं की उतरतं. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि कॉफीने थोडा आराम पडतो. नुसतं पडून राहिल्याने भोक बुजत नाही, उलट बाळंतिणीच्या पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. दुखणं हटतच नसेल तर ब्लड पॅच करतात: तुमच्याच हातातून सुमारे २० मिली रक्त काढून कमरेत त्याच जागेजवळ सोडायचं. कधी तो दुसऱ्यांदाही करावा लागतो.

एका बाजूला कळा राहतात त्या बहुधा औषधासाठी सुईतून आत सोडलेली बारीक नळी एका कडेला सरकल्यामुळे. नळी एक-दोन सेंटिमीटर मागे ओढायची, कूस बदलून औषधाचा आणखी डोस द्यायचा. अर्ध्या तासात फरक नसेल तर नळी नव्याने घालायची. असा प्रकार दुर्मिळ मुळीच नाही, पण तो बाईने सहन करायचा नसतो.

डोकेदुखी अजून असेल तर डिस्चार्ज कार्ड घेऊन या, भूलतज्ज्ञ तपासतील. त्याचे पैसे लागणार नाहीत. मात्र आडवं झाल्यावरही डोकं दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, झटके आले, ताप येऊन पाठ दुखू लागली, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर आमची वाट पाहू नका. जवळ असेल त्या मोठ्या रुग्णालयात लगेच जा आणि एपिड्युरल कोणत्या तारखेला दिलं होतं ते तिथे आधी सांगा.