चार कुकीज, 158 वरून 221: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला आणि खरं सांगते, आधी डोकंच फिरलं, कारण शेवटी तुम्ही लिहिलंय की साखर घालतात आणि लपवतात, सगळे लो-कार्बवाले (कमी कार्बोहायड्रेटचे पदार्थ विकणारे) चोर. रात्री रागात एक मोठं उत्तर टाइप पण केलं होतं, नवरा म्हणाला सकाळी टाक. सकाळी आमचंच पाकीट आणि वही-पेन घेऊन बसले, हिशोब मांडला आणि ते उत्तर डिलीट केलं.

बाकीचे वाचणारे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. यांनी आमच्या बदाम-वेलची कुकीज मागवल्या, पाकिटावर पुढे ठळक लिहिलेलं "नेट कार्ब फक्त 2 ग्रॅम" (म्हणजे एकूण कार्बमधून जे पचत नाही असं धरतात ते वजा करून उरलेलं) आणि त्याच्या खाली "डायबेटिक फ्रेंडली". यांच्या आईंनी संध्याकाळी बिनसाखरेच्या चहाबरोबर चार खाल्ल्या. खायच्या आधी शुगरच्या मीटरवर 158, दोन तासांनी 221, वर रात्रभर पोटात गुडगुड.

पहिली गोष्ट, साखर आम्ही घालत नाही. 100 ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तरच शुगर फ्री लिहिता येतं, आणि आमची त्याच्या आतच आहे, लॅबचा रिपोर्ट मागाल तर पाठवते. पण साखर नाही म्हणजे कार्ब नाही असं थोडीच असतं, आणि खरी गोची तिथेच आहे.

आमची एक कुकी 18 ग्रॅमची. त्यात एकूण कार्ब 9 ग्रॅम, त्यातलं अडीच ग्रॅम फायबर, साडेचार ग्रॅम माल्टिटॉल, उरले 2, आणि तेच 2 आम्ही पुढे छापले. आता हे माल्टिटॉल म्हणजे शुगर अल्कोहोल, दारूशी काही संबंध नाही, नाव तसं आहे. गोडीला जवळजवळ साखरेएवढंच, म्हणून बेकरीवाल्यांचं लाडकं. ते पूर्ण पचत नाही हे खरं, पण अजिबात पचत नाही हे खोटं. साखरेचा ग्लायसेमिक इंडेक्स (खाल्ल्यावर रक्तातली शुगर किती चढते त्याचा आकडा) 65 धरला तर माल्टिटॉलचा 35 च्या आसपास येतो, शून्य नाही. म्हणून डायबेटिसवाल्यांनी निदान अर्धं तरी मोजावं असं आहारतज्ज्ञ सांगतात आणि आम्ही सगळंच्या सगळं वजा करून मोकळे झालो होतो.

आता काकूंच्या, म्हणजे तुमच्या आईंच्या, चार कुकीज घ्या. आमच्या हिशोबाने 8 ग्रॅम. खऱ्या हिशोबाने 8 आणि वर माल्टिटॉल 18 ग्रॅम, त्याचं अर्धं 9, म्हणजे 17. कपभर चहातल्या दुधाची स्वतःची साखर असते ती 4-5 ग्रॅम धरा, झाले 22. एक फुलका साधारण 15 ग्रॅम कार्बचा, म्हणजे काकूंनी दीड फुलका खाल्ला आणि पाकीट त्यांना सांगत होतं की काहीच खाल्लं नाही. शुगर वाढणारच की!

मीटर चुकलं असेल असं म्हणून मी हात झटकू शकले असते. घरच्या मीटरला 100 च्या वरच्या रीडिंगला 15 टक्के इकडेतिकडे चालतं असं स्टँडर्डच आहे. पण तेही करून बघितलं. 158 मध्ये 15 टक्के वाढवले तर 182, आणि 221 मधून 15 टक्के काढले तर 188, म्हणजे दोन्ही रीडिंग आमच्या सोयीने चुकलेत असं धरलं तरी वाढ राहतेच. तेव्हा तो विषय संपला.

मग तुम्ही विचाराल बाजारात आणायच्या आधी टेस्ट केलं नव्हतं का. केलं होतं, आणि ते सांगायला जास्त लाज वाटते. आमच्या सासूबाईंना 14 वर्षं टाइप 2 डायबेटिस आहे, त्यांना दोन कुकीज दिल्या, एका तासाने बोटाला टोचलं, आकडा फारसा हलला नव्हता, आम्ही खूश, पॅकिंगची ऑर्डर दिली. पण कुकीत लोणी आणि बदाम भरपूर, आणि फॅट-प्रोटीन असलं की पोट हळू रिकामं होतं, शुगर उशिरा चढते, दोन तासांनी, कधी तीन तासांनी. आम्ही गाडी यायच्या आधीच स्टेशनवरून घरी आलो होतो. तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर सासूबाईंना (त्या हौसेने तयारच असतात) परत चार दिल्या, आधी, एक, दोन आणि तीन तासांनी मोजलं: 134, 149, 187, 171. त्यांनी चहाही घेतला नव्हता. म्हणजे तुमच्याकडे जे झालं तेच आमच्या घरात झालं.

पोटाचं पण माल्टिटॉलमुळेच. जे पचत नाही ते मोठ्या आतड्यात जाऊन फसफसतं. पॉलिओल्समुळे (म्हणजे माल्टिटॉलसारख्या शुगर अल्कोहोलमुळे) जुलाब होऊ शकतात अशी सूचना मागे छापलेली आहे, पण मुंगीच्या अक्षरात, ती सत्तरीच्या बाईंनी वाचावी अशी अपेक्षा करणं हा चावटपणाच आहे.

आता एक गोष्ट मात्र मी मान्य करणार नाही, ती म्हणजे सगळे लो-कार्बवाले चोर. मला यातून जे कळलं ते असं की एक लो-कार्ब वजाबाकी करून केलेलं असतं आणि एक मुळातच असतं. आमचीच शेंगदाणा-जवसाची तिखट क्रॅकर बघा. 100 ग्रॅम शेंगदाण्यात कार्ब 16 च्या आसपास आणि त्यातलं निम्मं फायबर, जवसात 29 पैकी 27 फायबर, तिथे पीठच नाही तर चढणार काय. पण मखाना बघा, आजकाल प्रत्येक दुकानात डायबेटिसवाल्यांसाठी म्हणून ठेवलेला असतो, त्यात 100 ग्रॅमला 70 च्या वर कार्ब आहे. हलका असतो म्हणून मूठभरात कमी जातो एवढंच, टीव्हीसमोर डबा घेऊन बसलात तर संपलं. आणि काही प्रोटीन बारमध्ये फायबर म्हणून जे सिरप घालतात, आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड, त्यातलं बरंचसं पचतं, अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं अन्न-औषध खातं) तर 2018 मध्ये फायबरची यादी काढली त्यात त्याला घेतलंच नाही. तेव्हा कुठलंही पाकीट घ्या, आमचं पण, पुढचा मोठा आकडा सोडा, मागच्या तक्त्यातलं एकूण कार्बोहायड्रेट बघा आणि ते किती ग्रॅमला आहे ते बघा.

माल्टिटॉल काढून एरिथ्रिटॉल (दुसरं एक शुगर अल्कोहोल) का नाही घालत असं एका ताईंनी खाली विचारलंय. त्याने शुगर जवळजवळ हलत नाही हे खरं, पण कुकी खाल्ली की तोंडात पेपरमिंटसारखं गार लागतं, गोडी कमी, आणि महाग. शिवाय 2023 मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक हॉस्पिटलच्या संशोधकांना रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हार्ट अटॅक-स्ट्रोक जास्त दिसले. त्यामुळेच होतात असं काही सिद्ध झालेलं नाही, पण डायबेटिसवाल्यांना हार्टचा धोका आधीच असतो, म्हणून मी घाई करत नाहीये. सध्या गोडी कमी करून निम्म्या माल्टिटॉलवर ट्रायल चालू आहे, चव अजून जमली नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. "डायबेटिक फ्रेंडली" काढलं, ते लिहायलाच नको होतं. नेट कार्बचा आकडा काढला, पुढे आता "एका कुकीत एकूण कार्ब 9 ग्रॅम, त्यात माल्टिटॉल 4.5" असं येईल. जुनी 212 पाकिटं पडून आहेत, त्यांवर स्टिकर लावतोय, दोन बायका कालपासून तेच काम करतायत.

अजून एक, तुम्ही लिहिलंय की एका रात्री काकूंना जेवण नको होतं म्हणून कुकीजवरच भागवलं. दादा, हे परत करू नका. इन्सुलिन किंवा शुगर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असतील आणि जेवणातले कार्ब एकदम कमी झाले तर शुगर धाडकन खाली येऊ शकते, आणि ते 221 पेक्षा जास्त घाबरण्यासारखं आहे. 70 च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरले तर आमची कुकी अजिबात देऊ नका, तिचा काही उपयोग होणार नाही. शुद्धीवर असतील तर तीन चमचे साधी साखर पाण्यात विरघळवून द्या आणि 15 मिनिटांनी परत मोजा.

तुमचे पैसे काल परत टाकलेत. उरलेलं पाकीट कुरिअरवाला येऊन घेऊन जाईल, खर्च आमचा. कुठल्या गोळ्या चालू आहेत ते मात्र इथे सगळ्यांसमोर लिहू नका, ते आणि वरचे हे आकडे काकूंच्या डॉक्टरांनाच दाखवा.