सुक्याबरोबर ओलं

'सुक्याबरोबर ओलंही जळतं' ही म्हण ज्याने काढली, त्याने आषाढात कोकणात चूल पेटवलेली नाही, हे मी लिहून देतो. इथे ओल्याबरोबर सुकंही विझतं. विजेच्या तारांपासून लांब, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, जांभ्याच्या घरात राहायचं म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे हिरवळ, धबधबा आणि वाफाळता चहा उभा राहतो. यातली पहिली दोन फुकट मिळतात. चहा हा सगळ्यांत अवघड भाग.

लोकांना वाटतं, तारेविना राहणाऱ्याला टंचाई विजेची असणार. तसं नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो त्या मुलखात खरी टंचाई कोरडेपणाची. लाकूड, मीठ, काडेपेटी, सुकी मासळी, बनियन, बॅटरीची टोकं, सगळ्यांचा खर्च याच एका खात्यातून होतो आणि मिरग (मृग नक्षत्र) लागला की त्या खात्यात भरणा बंद. म्हणून मे महिन्यात आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायची ती नुसती डाळ-तांदळाची नव्हे, कोरडेपणाची भरायची.

चुलीपासून सुरुवात करू. लाकूड पावसाआधी फोडून निदान दोन-तीन महिने उन्हात पडलेलं हवं. अख्खा ओंडका ठेवला तर वर्षानेही आतून ओलाच निघतो. रचायचं ते जमिनीवर नाही, दोन आडव्या वाशांवर, वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटं सोडून, म्हणजे हवा खेळते आणि वाळवी दिसते तरी. प्लास्टिकचा कागद फक्त माथ्यावर टाकायचा. उत्साही माणसं चहूबाजूंनी गुंडाळतात, आत घाम धरतो आणि ऑगस्टात त्या कागदाखालून लाकडांऐवजी अळंबी निघते. खाण्यातली नसते ती.

एवढं करूनही लाकूड सादळतंच. म्हणून रात्रीची जेवणं झाली की उद्याची लाकडं वैलाशेजारी (चुलीच्या जोडचुलीशेजारी), चुलीच्या उबेला लावून ठेवायची. हा नेम घरात देवपूजेच्या वरचा. ओल्या लाकडात जेवढं पाणी, तेवढ्याची आधी वाफ व्हावी लागते. तोवर चुलीची सगळी उष्णता त्यातच जाते. थोडक्यात, चहाच्या आधी आपण लाकूड उकळत बसतो. पेटवणासाठी नारळाची सोडणं घेऊ नयेत, काथ्या हवेतली ओल पितो. करवंटी घ्यावी. दोन करवंट्या फोडून, मध्ये सुकं चुडतं (नारळाची झावळी) घालून, वर बोटाएवढ्या काटक्या. फुंकणीतून लांब, सावकाश फुंकर घालावी. रागाने फुंकलं की राख डोळ्यांत जाते आणि आग जागेवर राहत नाही. काडेपेटी झाकणाच्या बाटलीत, तळाशी भाजलेले तांदूळ टाकून ठेवावी; सादळलेल्या काडीचं गुल घासताना सुटतं आणि हातात राहतो तो दात कोरण्याचा सरंजाम. सोबत एक सिगारेटचा लायटर असावा. न ओढणाऱ्याच्या घरात तो दिसला की पाहुणे काही बोलत नाहीत, पण बघतात.

सुकी मासळी हे वेगळंच दुखणं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे सगळी भिस्त सोडे, सुकट आणि सुक्या बांगड्यावर. ही मंडळी मेच्या उन्हात कडकडीत वाळवून, गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरावीत. गरम भरली तर झाकणाला आतून पाणी सुटतं, पुढे बुरशी, आणि मग डबा उघडला हे वाडीत कोणाला सांगावं लागत नाही.

आता वीज. तीनशे पस्तीस वॅटची दोन पॅनल, १५० अँपिअर-तासाच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर, असा साधारण मध्यमवर्गीय संसार. दोन बॅटऱ्यांत कागदावर ३६०० वॅट-तास. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणून आपले १८००. मेमध्ये ही पॅनल दिवसाला दोन युनिटांहून (एक युनिट म्हणजे हजार वॅट-तास) जास्त देतात आणि घेणारं कोणी नसतं. जुलैत, जेव्हा खरी गरज, तेव्हा दाट ढगांच्या दिवशी अर्धा युनिट मिळालं तरी पुष्कळ म्हणायचं. तरण्या (पुनर्वसू नक्षत्राच्या) पावसाची झड लागली की त्याच्याही निम्म्यावर समाधान मानावं लागतं.

खर्च बघा. नऊ वॅटचे तीन दिवे पाच तास, म्हणजे १३५ वॅट-तास. तीस वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा दहा तास, ३००. साधा पंखा लावाल तर ७५ वॅट खाईल, म्हणून तो नातेवाइकाला भेट द्यावा. दोन फोन, ४०. बेरीज ४७५, आणि मनाला समाधान. पण इन्व्हर्टर स्वतः काही काम नसतानाही पंधरा-एक वॅट खातो, तेही चोवीस तास, म्हणजे ३६०! घरात दिवा, पंखा, फोन कोणाहीपेक्षा जास्त खाणारा सदस्य तो, आणि त्याचं काम काय, तर बाकीच्यांना वाढणं. उपाय एकच. दिवे, पंखा आणि फोन बॅटरीवरून थेट डीसीवर घ्यायचे, त्यात फ्यूज घालायचा, आणि इन्व्हर्टर मिक्सरपुरता चालू करून लगेच बंद करायचा.

मिक्सर सातशे वॅटचा असला तरी पाच मिनिटांत साठ वॅट-तासच घेतो. हिशेबात तो गरीब आहे, पण चालू होताना घेतो तो झटका मोठा. रात्री आठ वाजता, व्होल्टमीटर २४ च्या खाली असताना वाटप करायला घेतलं की इन्व्हर्टर किंचाळून बसकण मारतो आणि भांड्यात अर्धवट खोबरं. त्यामुळे आमच्याकडे वाटप दुपारी बारा ते एक. आभाळ जास्तच काळं असेल तर त्या दिवशी कुळथाचं पिठलं. मेन्यू व्होल्टमीटर ठरवतो. पाटा-वरवंटा परसात शोभेला ठेवलेला नाही.

पॅनलचा कोन हाही गमतीचा विषय. सतरा अंश अक्षांशावरच्या रत्नागिरीत मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो. मधल्या काळात तो उत्तरेला सरकलेला असतो, म्हणजे शास्त्रानुसार दक्षिणेकडे तोंड करून बसवलेली पॅनल ऐन पावसाळ्यात दुपारी त्याच्याकडे पाठ करून असतात. फारसं बिघडत नाही, कारण तो दिसतच नाही. ढगाळ उजेड सगळ्या आभाळातून येतो, त्याला आडवं पॅनल बरं. पण अगदी आडवं ठेवलं तर खालच्या पट्टीशी पाणी तुंबून शेवाळ धरतं. दहा-पंधरा अंश ठेवावे आणि वाद मिटवावा. पाऊस पॅनल धुतो हे खरं, पण फणसाचं पिवळं पान ओल्या काचेला चिकटलं की पाऊस ते काढत नाही. आतले सेल एका रांगेत जोडलेले असतात. त्यातला एक झाकला की त्याच्या पट्ट्यातला बायपास डायोड तो पट्टाच वाटेतून काढून टाकतो. म्हणजे एका पानाने पॅनलचा तिसरा हिस्सा गेला. पानाची किंमत एवढी असते हे फणसालाही माहीत नसावं.

बॅटरीला डिस्टिल्ड वॉटर लागतं. इथे प्रत्येक पाहुणा एक सूचना करतो, "अहो, आभाळातून एवढं पडतंय, तेच घाला की!" छपरावरून आलेल्या पाण्यात धूळ, शेवाळ, पत्र्याचा गंज, पाखरांचा प्रसाद असं सगळं असतं, त्यातले क्षार आणि धातू प्लेटांना बाधतात. म्हणून बाहेर कोसळत असताना छत्री धरून तालुक्याला जायचं आणि पाच लिटर पाणी विकत आणायचं. पाणी घालायचं ते बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, आधी नाही, नाहीतर चार्ज होताना अ‍ॅसिड उतू जातं. टोकांवर पांढरा-हिरवट थर आला की आधी निगेटिव्ह तार सोडावी, खायचा सोडा गरम पाण्यात घालून घासावं, पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नये, कोरडं करून व्हॅसलीन लावावं. कोरडं करून, हे लिहायला सोपं आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घेतली तर हा सोपस्कार नाही आणि अर्धपोटी राहिल्याने तिचं बिघडत नाही, पण किमतीचा आकडा ऐकून माणूस पुन्हा सोड्याकडे वळतो. इन्व्हर्टरच्या जाळीला बारीक तारेची जाळी जरूर लावावी. पावसात पालीला उबदार जागा लागते आणि सर्किट बोर्डाहून उबदार घरात काही नसतं. त्या शॉर्टमध्ये दोघांचंही नुकसान होतं.

कपड्यांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात आशादायक काही नाही. जीन्स जूनमध्ये ट्रंकेत आणि ऑक्टोबरात बाहेर. टर्किश टॉवेल बाद, पंचा घ्यावा. पंखा माणसावर की दोरीवर, हा प्रश्न रोज रात्री उभा राहतो आणि मुलांच्या शाळेचा गणवेश असला की दोरी जिंकते. उरलेली ओल कोळशाची इस्त्री काढते. ती सांभाळून ठेवलेल्या घराकडे लोक जुनाट म्हणून बघतात, पण हजार वॅटची विजेची इस्त्री लावून बॅटरी उताणी पाडण्यापेक्षा हे बरं. चुलीवरच्या दांडीवर कपडे झटपट वाळतात. मग दिवसभर माणूस जिथे जाईल तिथे सुकटीचा आणि धुराचा वास त्याच्या आधी पोहोचतो.

पाण्याची फार काळजी नाही. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर. दोनशे लिटरचा पिंप चहा होण्याआधी भरतो, आणि आपला चहा किती वेळ घेतो ते वर आलंच आहे. मोसमाच्या पहिल्या सरी वाहून जाऊ द्याव्यात, पुढेही सुरुवातीचं पाणी पिंपात घेऊ नये, पिण्याचं उकळून घ्यावं. टाकी तीन मीटरवर असेल तर नळाला दाब जेमतेम ०.३ बार, म्हणजे शॉवर नावाची वस्तू नुसती बघायची.

रात्री दिवा लागला की मिरगाच्या पहिल्या पावसानंतर पंखवाली वाळवी उठते. तासभर दिवा बंद ठेवून अंधारात जेवावं, निदान आमटीत काय आहे ते दिसत नाही. सड्यावर फुरसं असतं, विषारी साप. बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, लाकडाच्या रचणीत टॉर्च मारल्याशिवाय हात घालायचा नाही, यात विनोद नाही.

शेवटी पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा. सूर्य रजेवर असताना घरामागचा पऱ्या मात्र ओव्हरटाइम करत असतो, हे बघून कोणाच्याही मनात टर्बाइन येतंच. हिशेब मोहात पाडणारा आहे. सेकंदाला पाच लिटर, दहा मीटर उतार, गुणिले गुरुत्वाकर्षणाचे ९.८, म्हणजे ४९० वॅट. निम्मं वाया गेलं धरा, तरी २४५ वॅट. पण चोवीस तास! दिवसाला जवळजवळ सहा युनिट, तेही नेमकं पावसात. पंखा माणसावरही आणि दोरीवरही. अडचण टर्बाइनची नसते, तोंडाशी लावलेल्या जाळीची असते. जाळी उभी लावली की पाल्याने तासाभरात बुजते. तिरकी लावली की पाला वाहून जातो, पण काटक्या अडकतात. आणि एकेक कुर्ली (खेकडा) पाइपाच्या तोंडाशी बिऱ्हाड थाटते. मोठा लोंढा आला तर पाइप खालच्या वाडीत सापडतो, म्हणून तो दर तीन मीटरला खडकाला बांधावा. जाळी बुजते ती बहुधा रात्री दोनला, पंखा हळूहळू थांबला की कळतं. मग एका हातात छत्री, दुसऱ्या हातात टॉर्च. जाळी खरवडायला तिसरा हात कोणाचा, यावर घरात चर्चा होते आणि ती संपेपर्यंत सगळे उकाड्याने जागे झालेले असतात.