गाडी रात्री कुठे झोपते?

मागच्या महिन्यात बडोद्याच्या वाघोडिया रोडवरच्या दादाच्या सोसायटीची मीटिंग मी नेदरलँड्समधल्या उट्रेख्टमध्ये, भाजी चिरता चिरता ऐकली. दादाने मुद्दाम फोन चालू ठेवून खिशात टाकला होता. पत्रिकेवरचा शेवटचा विषय होता ‘अन्य’, आणि अन्य म्हणजे दादाची नवी इलेक्ट्रिक गाडी. गाडी बनली हालोलला, म्हणजे घरापासून चाळीसेक किलोमीटरवर. पण घरी आल्यावर तिला प्लग मिळेना. आपल्याच मीटरवरून, आपल्याच खर्चाने, आपल्याच पार्किंगपर्यंत पंधरा अँपिअरचा एक पॉइंट काढू द्या, एवढीच त्याची मागणी. त्यावर पाऊण तास गेला. आग लागली तर? कॉमन मीटरवर लोड आला तर? आज याला दिला, उद्या सगळे मागतील! शेवटी सेक्रेटरींनी हुकमाचं पान टाकलं, “आपणे त्यां आ बधुं ना चाले. फॉरेनमां जुओ, बधे चार्जिंग स्टेशन होय. तमारी बेनने ज पूछो ने!” म्हणजे, आपल्याकडे हे चालायचं नाही, परदेशात सगळीकडे चार्जिंग स्टेशनं असतात, तुमच्या बहिणीलाच विचारा!

बेन खिशातच होती. तिला कोणी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

बाहेरगावी राहणाऱ्याने गावच्या भांडणात तोंड घालू नये, हे मला मान्य आहे. दर डिसेंबरला येऊन रस्त्यांना नावं ठेवणारे आणि खंडेराव मार्केटात भाजीचे भाव युरोत मोजणारे लोक मलाही सहन होत नाहीत. पण साक्षीला माझंच नाव घेतलं गेलं. शिवाय विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. बडोद्याच्या कलाभवनात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं, मकरपुऱ्यात सहा वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात काढली, आता अकरा वर्षं नेदरलँड्समध्ये विजेच्याच कामात आहे. ट्रान्सफॉर्मर गरम का होतो, एवढं तरी मी खात्रीने सांगू शकते.

तर फॉरेनमध्ये काय आहे? आमच्या गल्लीत कुणाच्याच घराला अंगण नाही. रावपुऱ्यासारखी भिंतीला भिंत लागलेली घरं, गाडी रस्त्याच्या कडेला. तुम्ही इलेक्ट्रिक गाडी घेतली, स्वतःची पार्किंगची जागा नाही आणि जवळपास चार्जिंगचा खांब नाही, तर नगरपालिकेकडे अर्ज करायचा. काही महिन्यांनी फुटपाथच्या कडेला कमरेएवढा खांब उभा राहतो. त्याला दोन प्लग असतात. अर्ज माझा असला तरी खांब माझा नसतो, गल्लीतला कोणीही लावू शकतो. देशात असे सार्वजनिक प्लग दीड लाखाहून जास्त आहेत आणि त्यातले बहुतेक असे सावकाश चालणारेच. पिवळ्या छपराखाली वीस मिनिटांत गाडी भरणारी झगझगीत स्टेशनं हायवेवर आहेत. फोटो त्यांचेच निघतात. मी तिथे महिन्यातून एखाद वेळा जाते. बाकी माझी गाडी रात्री जिथे झोपते तिथेच जेवते.

सेक्रेटरींनी फॉरेन नेमकं उलटं वाचलं ते इथे. इथली सोय स्टेशनावर उभी नाही. गाडी जिथे दहा तास उभीच असते, तिथे वीज नेऊन ठेवलीय. दादाने मागितलं ते हेच होतं, आणि तेही नगरपालिकेला एक पैशाचा खर्च न लावता.

आणि ‘तिकडे लोक भांडत नाहीत’ हाही गैरसमज. इथल्या अपार्टमेंटमध्येही फ्लॅटमालकांची संघटना असते, तिचीही मीटिंग असते, आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये चार्जर लावायचा म्हटलं की तिथेही पहिला हात वर करणारा आगीबद्दलच बोलतो. दुसरा बिलाबद्दल. रस्त्यावरच्या खांबाबद्दल तर जास्तच कुरकुर, कारण खांबापुढची जागा फक्त चार्जिंगवाल्यांची होते आणि पेट्रोलवाल्या शेजाऱ्याची जागा जाते. माझ्या समोरच्या आजी त्यावरून माझ्याशी दोन महिने बोलत नव्हत्या. मग त्यांच्या मुलाने इलेक्ट्रिक गाडी घेतली.

आगीची भीती मी हसण्यावारी नेत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे स्कूटर पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ असे दोन टप्प्यांत. पण सोसायटीने परवानगी नाकारली म्हणून गाडी काही पार्किंगमधून जात नाही. ती तिथेच राहते आणि पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डावर चार्ज होते. स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग (गळती वीज जमिनीत नेणारी वायर) असलेल्या प्लगपेक्षा त्या लोंबत्या वायरीची मला जास्त भीती वाटते.

अर्थिंगवरून मामा आठवले. दांडिया बाजारातल्या त्यांच्या वाड्यात वायरिंग आजोबांच्या वेळचं, लाकडी पट्टीवरचं. मामांनी सत्तराव्या वर्षी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली आणि देवडीत आणून लावली, तर चार्जरवर लाल दिवा. शोरूमवाला म्हणे प्लगमध्ये दोष, वायरमन म्हणे गाडीत दोष. मी तेव्हा सुट्टीवर आलेली. प्लग उघडून पाहिलं, तर तिसऱ्या, जाड भोकामागे काही नव्हतंच. प्लगला अर्थचं भोक होतं, मागे वायर जोडलेलीच नव्हती. साठ वर्षं मिक्सर चालला, फ्रिज चालला, कोणाला पत्ता नाही. हा चार्जर मात्र अर्थ मिळाल्याशिवाय हलेना. मग मागच्या अंगणात, तुळशीपासून जरा लांब, खड्डा खणला. तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ, वर माती, वर पाइप. मामींनी बादलीभर पाणी ओतलं, मामांनी हात जोडले, दिवा हिरवा झाला. आता उन्हाळ्यात दर आठवड्याला त्या पाइपात बादली जाते. मामा त्याला ‘स्कूटरचं अर्घ्य’ म्हणतात.

चार्जिंगचं भविष्य म्हटलं की सगळे हायवेवरच्या मोठ्या मशीनबद्दल बोलतात. मला मात्र हा खड्डा दिसतो. आपल्याकडे इलेक्ट्रिक म्हणून जे रस्त्यावर आहे त्यातलं बहुतेक दुचाकी आणि तिचाकी. मामांच्या स्कूटरची बॅटरी तीन युनिटची. पूर्ण भरायला वीस-पंचवीस रुपये, आणि मांडवी, मंगळ बाजार, कमाटी बाग असा फेरा मारून ती चार दिवस पुरते. तिला स्टेशन नको, खांब नको. एक धड प्लग हवा. मला इथे युनिटला साधारण ४० सेंट पडतात, म्हणजे चाळीसेक रुपये. हा हिशोब मामांना सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या दयेने पाहिलं, ते मी विसरलेले नाही.

आता डीपीबद्दल, म्हणजे सोसायटीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरबद्दल, कारण मीटिंगमध्ये एक मुद्दा बरोबर होता. एका काकांनी विचारलं, सगळ्यांनी रात्री आठला गाड्या लावल्या तर डीपी उडेल ना? उडेल. दहा गाड्या सात-सात किलोवॉटच्या चार्जरवर एकदम लागल्या तर सत्तर किलोवॉट झाले, आणि मे महिन्यात त्याच वेळी प्रत्येक घरात एसी चालू. इथे नेदरलँड्समध्ये विजेची ओढ हिवाळ्यात. बाहेर थंडी, ट्रान्सफॉर्मर सुखात. बडोद्यात ओढ उन्हाळ्यात, जेव्हा बिचारी डीपी आधीच बेचाळीस अंशांत उभी असते आणि रात्रीसुद्धा तिला गार व्हायला सवड नसते. ट्रान्सफॉर्मरच्या आत तारांवर गुंडाळलेल्या कागदाचं आयुष्य तापमान दर सहा अंशांनी वाढलं की निम्मं होतं, हे मकरपुऱ्यात पहिल्याच महिन्यात शिकवतात. पण दादाने सात किलोवॉट मागितलेच नव्हते. पंधरा अँपिअर म्हणजे तीन किलोवॉट, दोन एसींएवढा. त्याचं रोजचं जाणं-येणं तीस-पस्तीस किलोमीटर, त्याला पाचेक युनिट लागतात, म्हणजे दोन तास. रात्री बारानंतर, एसी शांत होत आले की पाळीपाळीने लावल्या, तर दहा गाड्यांचा डीपीला फारसा त्रास नाही.

पाळी लावणं हा काही मागासलेला उपाय नव्हे. आमच्या प्रांतात विजेचं जाळं इतकं तुंबलंय की नवं कनेक्शन मागणाऱ्या कारखान्यांच्या रांगा लागल्यात. म्हणून रस्त्यावरचे खांब संध्याकाळी चार ते नऊ हात आखडता घेतात. गाडी लावलेली असते, वीज चमच्याने येते, नऊनंतर ताट वाढतात. हीच बुद्धी दहा वर्षांपूर्वी सुचली असती तर बरं झालं असतं, असं इथले माझे सहकारी जेवणाच्या सुट्टीत बोलतात. बडोद्याला ती चूक करायची काय गरज आहे?

उलट बडोद्याकडे असं काही आहे जे उट्रेख्टकडे डिसेंबर-जानेवारीत औषधालाही नसतं. ऊन! जिल्ह्यातच नर्मदेच्या शाखा कालव्यावर १० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. २०१५ च्या जानेवारीत संयुक्त राष्ट्रांचे बान की-मून त्याच्या उद्घाटनाला आले होते. घरांच्या गच्चीवरच्या सोलरमध्ये गुजरात देशात पुढे आहे. केंद्राच्या २०२४ च्या चार्जिंग मार्गदर्शक सूचनांत सार्वजनिक स्टेशनांना सकाळी नऊ ते दुपारी चार वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या ०.७ पट दराने आणि बाकी वेळी १.३ पट दराने द्या, असं म्हटलंय. म्हणजे स्वस्त वीज दुपारची, आणि दुपारी गाड्या असतात कुठे? मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीच्या आवारात, हालोलच्या कारखान्यांबाहेर, कचेऱ्यांच्या पार्किंगमध्ये, आठ-आठ तास उन्हात तापत. तिथे पत्र्याच्या शेडवर पॅनेल आणि खाली साधे प्लग एवढं केलं, तरी रात्रीच्या डीपीवरचा गाड्यांचा बराच भार उतरेल. पुढे कधी गाडीतली वीज रात्री घराला परत देता आली, तर दुपारचं ऊन रात्रीच्या एसीला चालेल. उट्रेख्टमध्ये भाड्याच्या काही गाड्या हे करू लागल्या आहेत. पण ते नंतर. आधी प्लग.

आणि प्लगचा हक्क कागदावर आलेला आहे, हे त्या मीटिंगमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले. गाडी चार्ज करायला ग्राहकाला वेगळं कनेक्शन मागता येतं. २०२४ च्याच मार्गदर्शक सूचना सांगतात की घरच्या चालू कनेक्शनवरही चार्जिंग करता येतं. कॉमन मीटरचा संबंधच येत नाही. वीज कंपनी मीटर देईल. पण मीटरच्या खोलीपासून पार्किंगपर्यंत जी वीस मीटरची केबल जायची, ती जाते सोसायटीच्या भिंतीवरून, आणि त्या वीस मीटरवर राज्य सेक्रेटरींचं. देशाचं धोरण दिल्लीत होतं, गांधीनगरात होतं, आणि अडतं जिन्याखाली.

हायवेबद्दल थोडक्यात. दादा गाडीने मुंबईला गेला तेव्हा त्याच्या फोनमध्ये पाच ॲप झाली, प्रत्येकात वॉलेट, प्रत्येक वॉलेटमध्ये शंभर-दोनशे रुपये अडकलेले. एका ठिकाणी मशीन बंद, ॲपवर मात्र ‘उपलब्ध’. माझ्याकडे इथे एकच कार्ड आहे, ते जवळपास सगळ्या खांबांवर चालतं, आणि एप्रिल २०२४ पासून युरोपात बसणाऱ्या नव्या जलद चार्जरवर साधं बँकेचं कार्ड घ्यावंच लागतं. यात युरोपचं कौतुक करायला मला लाज वाटते, कारण बडोद्यात सेव-उसळवाल्याच्या गाडीवरसुद्धा क्यूआर चिकटवलेला असतो. ज्या देशाने यूपीआय केलं त्या देशात चार्जरसमोर वॉलेट भरत उभं राहायचं? सगळ्या कंपन्यांसाठी एकच ॲप करायचं काम केंद्राने ‘भेल’ या सरकारी कंपनीकडे दिलंय. इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या पीएम ई-ड्राइव्ह या केंद्राच्या योजनेत चार्जरसाठी २,००० कोटी रुपये ठेवलेत, त्यात २२,१०० जलद चार्जर चारचाकींसाठी. बसवणं सोपं असतं. दोन वर्षांनी त्या मशीनचा पडदा चालू आहे का, हे बघायला माणूस कोण पाठवणार, ते मला कुठल्या बातमीत दिसलं नाही.

दादाची मीटिंग गेल्या रविवारी पुन्हा झाली. या वेळी मी खिशात नव्हते, टेबलावर होते, व्हिडिओ कॉलवर. मी फॉरेनबद्दल एक शब्द बोलले नाही. मामांच्या प्लगची गोष्ट सांगितली, आणि कोणाच्या घरी चार्जर लाल दिवा दाखवतो ते विचारलं. तीन स्कूटरवाले निघाले. पैकी एक सेक्रेटरींचा जावई.

मग एक बाई म्हणाल्या, पॉइंट द्यायचा तर द्या, पण खाली नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी पस्तीस फुटांवर गेलं तेव्हा या पार्किंगमध्ये छातीभर पाणी होतं, आणि खांबांवर त्याची मातकट रेघ अजून आहे. त्यावर सगळे उठले, फोन हातात घेऊन खाली गेले. मला नुसते पाय दिसत होते, मग छत, मग खांब. सेक्रेटरींनी रेघेवर पंजा ठेवला, त्यावर दुसरा पंजा ठेवला आणि वायरमनला म्हणाले, “अहियां.” इथे. वायरमन म्हणाला, एवढ्या वर लावला तर गाडीची केबल पुरणार नाही. त्यावरून पुन्हा वाद सुरू झाला, आणि माझी बॅटरी संपली.