बीपीच्या गोळीनं किडनी जात नाही, बीपीनं जाते

तासगावच्या माझ्या मावशीनं बीपीची आणि शुगरची गोळी बंद केलीय. डॉक्टरांनी नाही सांगितलं, व्हॉट्सॲपवर आलं म्हणून. तो मेसेज बागायतदारांच्या ग्रुपपासून भिशीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडं फिरतोय, त्यात लिहिलंय की बीपी-शुगरच्या गोळ्या रोज खाल्ल्या की पाच वर्षांत किडनी जाते, पाय सुजले म्हणजे किडनी बसायला लागली, आठवडाभर गोळी सोडून बघा त्रास होणार नाही म्हणजे गरजच नव्हती, मेटफॉर्मिन परदेशात बंद झालंय, कोलेस्टेरॉलची गोळी स्नायू खाते, डॉक्टर साइड इफेक्ट सांगत नाहीत, आणि हे सगळं सोडून हळद-मेथी-लसणाचा काढा घ्या. मी फार्मसी शिकलेय, मिरजेत मेडिकलच्या काउंटरला उभी असते, आणि हा मेसेज वाचून गोळ्या सोडलेली माणसं माझ्यासमोर येतात. म्हणून लिहितेय.

आधी किडनीचं, कारण जिवावर बेतणारा मुद्दा तोच आहे. डायलिसिसच्या पेशंटला विचारा, तो सांगेल की मी वर्षानुवर्षं बीपीची गोळी खात होतो. खरंय त्याचं. पण गोळी सुरू कशामुळं झाली? बीपी होतं म्हणून ना? किडनी निकामी व्हायची दोन सगळ्यात मोठी कारणं शुगर आणि बीपी हीच आहेत. एकेका किडनीत साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात आणि रक्त त्यातनं दाबानं जातं. ठिबकचं प्रेशर सतत जास्त राहिलं तर लॅटरलचं, म्हणजे झाडाशी पाणी नेणाऱ्या नळीचं, काय होतं हे तासगावात कुणाला सांगायला नको, तसंच ह्या गाळण्यांचं होतं, फक्त आतलं दिसत नाही. गोळी तो दाब उतरवते.

आणि मावशीला बीपीची जी गोळी आहे, टेल्मिसार्टन, ती तर शुगरवाल्यांना किडनी वाचवायला म्हणूनच देतात. तिच्याच गटातलं लोसार्टन घेऊन मोठा अभ्यास झालाय, रेनाल नावाचा, २००१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलाय. शुगरमुळं किडनीला आधीच इजा झालेले १,५१३ पेशंट होते, बीपीची बाकीची औषधं दोन्ही गटांना होती, एका गटाला वर लोसार्टन आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. तीन-साडेतीन वर्षांनी बघितलं तर लोसार्टनवाल्यांमध्ये किडनी पूर्ण निकामी व्हायचं प्रमाण २८ टक्क्यांनी कमी. फॉरवर्ड करणाऱ्यांनी याच्या तोडीचं काहीतरी उलटं दाखवावं, मग बोलू.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, ही गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, थोडं वाढू शकतं आणि पोटॅशियमही वाढू शकतं. म्हणून तर सुरुवातीला एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासायला सांगतात. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं तर डॉक्टर ती काही दिवस थांबवायलाही सांगतात. पण तपासणी चुकवायची, मेसेज वाचायचा आणि गोळी कायमची सोडायची, हे कुठलं शहाणपण?

पाय सुजतात तेही खरंय, पण ते बहुतेक वेळा ॲम्लोडिपिन ह्या बीपीच्या दुसऱ्या गोळीनं. ती गोळी रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करते, त्यामुळं दाब उतरतो, आणि त्याच कारणानं घोट्यापाशी थोडं पाणी झिरपतं. किडनीचा संबंध नाही. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. सूज नवीन असेल, दम लागत असेल तर मात्र दाखवलंच पाहिजे, कारण हृदयाचंही कारण असू शकतं.

'आठवडाभर सोडून बघा' हे तर मला सगळ्यात चीड आणणारं वाक्य आहे. ॲम्लोडिपिन निम्मं उतरायलाच ३० ते ५० तास लागतात, सगळं जायला आठ-दहा दिवस. म्हणजे पहिले काही दिवस जे बीपी चांगलं येतं ते आधीच्याच गोळीमुळं! नंतर ते वाढतं तेव्हाही काही जाणवत नाही, डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि एक दिवस तोंड वाकडं होतं. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल असलं काही चालू असेल तर अचानक सोडणं आणखी वाईट, हार्टच्या पेशंटला त्यानं ॲटॅक येऊ शकतो.

आता किडनीची एवढीच काळजी असेल तर त्या मेसेजमध्ये दुखण्याच्या गोळ्यांबद्दल एक अक्षर का नाही? गुडघा दुखला की लोक चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक मागतात आणि महिनोन्महिने खातात, मावशीच्या डब्यातपण तीच पट्टी निघाली. किडनीत रक्त आणणारी नळी उघडी ठेवायला शरीर जे रसायन बनवतं तेच ह्या गोळ्या अडवतात. त्यात टेल्मिसार्टन बाहेर जाणारी नळी सैल करतं, आणि सोबत लघवीची गोळी असेल तर अंगातलं पाणीही कमी, मग गाळणीला दाबच उरत नाही आणि म्हाताऱ्या माणसाची किडनी काही दिवसांत बसू शकते. आपल्याकडची गिधाडं कशानं संपली? जनावरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातनं त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या गेल्या. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आणावी लागली. माणसाची किडनी गिधाडाएवढी नाजूक नाही, पण धोका ओळखायचाच असेल तर तो ह्या पट्टीत आहे.

बाकीचं पटकन. शुगरची गोळी मेटफॉर्मिन परदेशात बंद नाही, अमेरिकेत २०२० साली काही कंपन्यांच्या लाँग ॲक्टिंग गोळ्यांचे लॉट एनडीएमए नावाच्या अशुद्धीमुळं परत घेतले, औषध चालूच आहे. ते किडनी बिघडवत नाही, किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून किडनी आधीच फार कमी चालत असेल तर बंद करतात. वर्षानुवर्षं खाऊन बी-१२ कमी होऊ शकतं, हे खरं, ते तपासून घ्या. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं काहींचे स्नायू दुखतात, तेही खरं, पण स्नायूला खरी गंभीर इजा फार क्वचित होते. आणि हळद, आपण सांगलीची माणसं, हळद आपल्या घरात आहेच, रोज भाजीत घाला, पण तिच्यावर भरवसा ठेवून बीपीची गोळी सोडू नका.

राहिलं 'डॉक्टर साइड इफेक्ट सांगत नाहीत'. हो, गर्दीच्या ओपीडीत नाही सांगत बऱ्याचदा, आणि त्याचा मलाही राग येतो. मग आपण विचारायचं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, दुखण्याच्या आणि काढ्यासकट, पिशवीत घालून न्यायच्या, समोर ठेवायच्या आणि विचारायचं की यातली कुठली नको, क्रिएटिनिन-पोटॅशियम परत कधी करू. मावशीला ह्या सोमवारी मी स्वतः घेऊन चाललेय, पिशवीसकट.