‘जुना ५.१ रिसीव्हर गळ्यात मारला’ : रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा दोन ताऱ्यांचा रिव्ह्यू वाचला. ६० हजारांचं बजेट घेऊन तुम्ही ॲटमॉसवाला ७.२ रिसीव्हर घ्यायला आमच्या नौपाड्यातल्या दुकानात आलात आणि आम्ही पडून राहिलेला ५.१ तुमच्या गळ्यात मारला, असं तुम्ही लिहिलंय. वॉट कमी आहेत, डिस्प्लेवर ॲटमॉस येत नाही, मागचे स्पीकर नावाला वाजतात, रिसीव्हर तापतो, आणि ऑनलाइन याच पैशांत मोठा मिळत होता. रिसीव्हर घ्यायला निघालेली इतर मंडळीही हे वाचणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (त्यातल्या नवख्यांसाठी: रिसीव्हर म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारं यंत्र. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर, ७.२ म्हणजे सात स्पीकर आणि दोन सबवूफरची सोय. ॲटमॉस म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणारी डॉल्बीची पद्धत.)

आधी पैशांचं. त्या ६० हजारांत रिसीव्हर, पाच स्पीकर, सबवूफर आणि वायरिंग असं सगळं बसवायचं होतं. तुम्ही बोट ठेवलेला ७.२ घेतला असता तर चाळीसच्या वर रक्कम एकट्या रिसीव्हरवर गेली असती. उरलेल्या पैशांत सात स्पीकर आणि सबवूफर म्हणजे प्लास्टिकच्या डब्या मिळाल्या असत्या. मोठा रिसीव्हर विकून मला जास्तच सुटलं असतं, हे वेगळं सांगायला नको. पण आवाज स्पीकरमधून येतो. चांगला स्पीकर पंधरा-वीस वर्षं सहज वाजतो, रिसीव्हर मात्र एचडीएमआयचं नवं व्हर्जन आलं की मागे पडतो. म्हणून हात आखडता घ्यायचाच असेल तर रिसीव्हरवर घ्यावा, असं मी दुकानात म्हटलं होतं आणि आजही म्हणतो. तुमचा मधला, म्हणजे सेंटर स्पीकर आणि दहा इंची सबवूफर त्याच वाचलेल्या पैशांतून आलेत. सिनेमातले बहुतेक संवाद सेंटरमधून येतात. तिथे काटकसर केली की घरात प्रत्येकजण ‘काय म्हणाला?’ विचारत बसतो.

आता ॲटमॉस. ॲटमॉस म्हणजे निदान दोन स्पीकर वरून ऐकू यायला हवेत. तुम्ही मोबाइलवर हॉलचा फोटो दाखवला होता. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे ७.१ मधल्या शेवटच्या दोन स्पीकरना जागाच नाही. वर पायऱ्यापायऱ्यांचं पीओपीचं सिलिंग, कडेने लपवलेले लाइट, आणि घर भाड्याचं, त्यामुळे छताला भोक पाडायचा प्रश्नच नाही. छतावर आवाज आपटवणारे स्पीकर मिळतात, पण त्यांना सपाट, कडक छत लागतं. पायऱ्यांच्या सिलिंगवर तो आवाज कुठे जाऊन आपटेल त्याचा नेम नाही. असं असताना ७.२ घेऊन त्याचे दोन चॅनल (म्हणजे दोन स्पीकरच्या जागा) रिकामे ठेवायचे, ते कशासाठी? वर्तकनगरच्या एका कुटुंबाला मीच ७.२ दिला, कारण त्यांचं इंटिरियरचं काम चालू होतं आणि छतात वायर टाकून घेता येत होती.

आणि काही ऐकायचं राहून जातंय अशी धास्ती असेल तर ती सोडा. ओटीटीवरचा ॲटमॉस बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल प्लस या नेहमीच्या सराउंड फॉरमॅटमध्येच गुंडाळून येतो. ५.१ रिसीव्हर त्यातला ५.१ भाग वाजवतो आणि वरचे आवाज त्यातच मिसळलेले असतात. हेलिकॉप्टर डोक्यावरून जात नाही, समोरून मागे जातं, एवढाच फरक. शिवाय नेटफ्लिक्सवर ॲटमॉस मिळतो तो प्रीमियम प्लॅनवर, आणि तुमचा प्लॅन तो नाही असं तुम्हीच म्हणाला होतात.

वॉटच्या बाबतीत मात्र मला कंपन्यांचाच राग येतो. पूर्वी टू-इन-वनवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजाराचे आकडे छापायचे. आताही तोच खेळ आहे, फक्त अक्षरं बारीक झालीत. एकच चॅनल चालवून, एकाच सुरावर, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) धरून मोजलं की आकडा फुगतो. खरा आकडा बघायचा तो २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ (कानाला ऐकू येणारी सगळी पट्टी), दोन चॅनल चालू आणि डिस्टॉर्शन ०.१ टक्क्याच्या आत, या अटींवरचा. तसा तुमचा रिसीव्हर ७० वॉटचा आहे. तुम्हाला हवा होता १०० वॉटचा. ७० आणि १०० मधला फरक दीड डेसिबल भरतो, कारण वॉट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबल चढतो.

तुमचे स्पीकर एका वॉटला एक मीटरवर ८८ डेसिबल देतात. सोफा नऊ फुटांवर आहे, तिथे पोचेपर्यंत साधारण आठ डेसिबल गळतात असं धरा. म्हणजे एका वॉटलाच ८० डेसिबल, टीव्हीच्या नेहमीच्या आवाजापेक्षा बरंच जास्त. तिथून ९५ ला जायला बत्तीसेक वॉट पुरतात. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये ९५ डेसिबलवर सिनेमा बघून दाखवा, रिसीव्हरच्या आधी सोसायटीचे सेक्रेटरी गरम होतील. (निवासी भागासाठी नियमातली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. ती बाहेरच्या वातावरणाची असली तरी सबवूफरचा दणका भिंतीतून खालच्या मजल्यावर जातोच.)

‘जुनं मॉडेल’ हे खरं आहे. बाजारात येऊन काही वर्षं झालेलं आहे, आणि तसं बिल करतानाच सांगितलं होतं. स्वस्तातले रिसीव्हर दरवर्षी बदलत नाहीत. जुन्यात बघायचं ते एवढंच की ४के एचडीआर चित्र आरपार जातं का, एचडीसीपी २.२ (४के चित्राचं कॉपी-संरक्षण) आहे का आणि एआरसी (त्याच एचडीएमआय केबलमधून टीव्हीचा आवाज उलट रिसीव्हरकडे आणायची सोय) आहे का. तिन्ही आहेत. ई-एआरसी (एआरसीची जास्त क्षमतेची आवृत्ती) नाही. पण ती लागते ती टीव्हीमार्फत ब्लू-रेचा ट्रूएचडी (डॉल्बीचा मूळ दर्जाचा आवाज) किंवा मल्टिचॅनल पीसीएम (न आक्रसलेला साधा डिजिटल आवाज) रिसीव्हरकडे पाठवायचा असेल तेव्हा. तुमच्याकडे ब्लू-रे प्लेअरही नाही आणि गेमिंग कन्सोलही नाही. पुढे कधी सात चॅनल करायचे ठरलं तर हा रिसीव्हर बदलावा लागेल, ते मान्य. स्पीकर तेच राहतील.

ऑनलाइनवाल्या डीलचा स्क्रीनशॉट तुम्ही दाखवला होता. त्या फोटोत मागच्या पट्टीवर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ दिसत होतं. आपल्याकडे २३० व्होल्ट. म्हणजे वजनदार ट्रान्सफॉर्मर वेगळा घ्या, आणि भारतातल्या वॉरंटीचं नाव काढू नका. लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर आमच्याकडे या, कुठेही घेतलात तरी मागची पट्टी वाचा आणि जीएसटीचं बिल मागा.

मागच्या स्पीकरचं मात्र लगेच बघा. माझा अंदाज, टीव्हीचं डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर आहे. त्या सेटिंगला एआरसीमधून दोनच चॅनल जातात, मग मागचे वाजणार कसे? ते ‘ऑटो’ किंवा ‘पास-थ्रू’ करा, टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे सीईसी (एचडीएमआयवरून एकमेकांना हुकूम द्यायची सोय) चालू ठेवा, आणि केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या सॉकेटमध्येच आहे ना ते पाहा. मग ॲपमध्ये ५.१ लिहिलेला सिनेमा लावा. सेट-टॉप बॉक्सवरचे बरेच चॅनल आणि जुने सिनेमे मुळात स्टिरिओच असतात, तिथे रिसीव्हरचा सराउंड मोड लावला तर मागे थोडा आवाज येतो. मागचे दोन स्पीकर शोकेसवर ठेवलेत असं रिव्ह्यूमधल्या फोटोत दिसतंय. ते सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, कानापेक्षा थोडे वर हवेत. ते हलवल्यावर रिसीव्हरच्या खोक्यात आलेला मोजमापाचा माइक बसल्यावर कान येतो त्या उंचीवर ठेवा, पंखा-एसी बंद करून ऑटो सेटअप पुन्हा चालवा. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये पाचही स्पीकर ‘स्मॉल’ आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ ठेवा, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो. बसवायला आलेल्या आमच्या मुलाने हे केलं होतं, पण जागा बदलली की मोजमाप नव्याने करावंच लागतं.

तापण्याचं कारणही त्याच फोटोत आहे. रिसीव्हरच्या जाळीवर सेट-टॉप बॉक्स ठेवलाय. तो काढा आणि वर चार बोटं तरी मोकळी ठेवा.

इतकं करूनही ७.२ च हवा असेल तर रिसीव्हर परत घेऊन फरकाच्या रकमेत बदलून देईन, स्पीकर ठेवा. येताना बिल, खोकं आणि तो माइक आणा. सोमवारी दुकान बंद असतं.