‘मुलांना रंग दिसत नाही’ सांगणाऱ्या संदेशाविषयी

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने गेल्या आठवड्यात मला एक मराठी संदेश पाठवला आणि खाली विचारले, “या तासांतून मुलाला सूट द्या, असे शाळेला लिहू का?” माझा भाचा पाचवीत आहे आणि त्याच्या वर्गात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीचा पाठ सुरू व्हायचा आहे. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: लहान मुलांना रंग दिसतच नाही, शिकवल्यामुळे तो दिसू लागतो, खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनीच रंगाचा विषय सोडा असे सांगितले होते, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने प्रश्न मिटला, असल्या पाठांमुळे गोऱ्या मुलांना अपराधी वाटते, आणि आपल्या भारतीयांचा या भांडणाशी काही संबंध नाही. याआधी तीन जणांकडून आलेला हाच मजकूर मी न बोलता पुसून टाकला होता, परंतु ताईने तो गांभीर्याने घेतल्यामुळे आता उत्तर देणे भाग आहे.

मुलांना रंग दिसत नाही हे ऐकायला गोड वाटते, एवढेच त्यातले खरे. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडल्यास अगदी सारख्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या आणि यातली चांगली कोणती, असे विचारले, तेव्हा बहुसंख्य मुलांनी गोऱ्या बाहुलीकडे बोट दाखवले. त्या मुलांना कोणीही चळवळीचा धडा शिकवलेला नव्हता. शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने क्लार्क यांच्या कामाचा तळटीपेत उल्लेख केला, तो उगाच नव्हे.

शिवाय ही चळवळ मोठ्यांची होती आणि आता ती मुलांच्या माथी मारली जात आहे, अशी जी कल्पना या संदेशामागे आहे, तीच मुळात चुकीची आहे. १४ नोव्हेंबर १९६० रोजी न्यू ऑर्लिन्समधील गोऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकणारी रूबी ब्रिजेस सहा वर्षांची होती. बाहेर जमाव शिव्या देत असल्यामुळे तिच्यासोबत केंद्र सरकारचे मार्शल चालत होते, गोऱ्या पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली होती आणि बार्बरा हेन्री या शिक्षिकेने तिला वर्षभर वर्गात एकटीलाच शिकवले. मे १९६३ मध्ये अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅममध्ये हजाराहून अधिक शाळकरी मुलामुलींनी मोर्चे काढले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्यावर पाण्याचे जोरदार फवारे व पोलिसी कुत्रे सोडण्यात आले. रूबीने जे सोसले, ते नुसते ऐकणे पाचवीतल्या मुलाला झेपणार नाही म्हणतात. माझा भाचा तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा आहे.

किंग यांच्या नावावर जे खपवले आहे, त्याने मात्र माझा संयम सुटला. आपली मुले कातडीच्या रंगावरून नव्हे, तर चारित्र्यावरून पारखली जावीत, हे २८ ऑगस्ट १९६३ च्या भाषणातले वाक्य सर्वांना पाठ असते. त्याच भाषणात अमेरिकेने कृष्णवर्णीयांना दिलेला धनादेश न वटता परत आला आहे, असेही ते म्हणाले, हे कोणाला आठवत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून त्यांनी लिहिलेले पत्र तर संदेशकर्त्याने पाहिलेलेही नसावे. घाई करू नका, असा सल्ला देणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना ते उत्तर होते. त्यात एका लांबलचक वाक्यात किंग लिहितात की, दूरदर्शनवर जाहिरात झालेल्या करमणूक उद्यानात आपल्याला का जाता येत नाही, हे सहा वर्षांच्या मुलीला समजावताना बापाची जीभ अडखळते. आणि गोरे लोक आपल्याशी इतके वाईट का वागतात, असे पाच वर्षांचा मुलगा विचारतो, तेव्हा त्याच्यासाठी काहीतरी उत्तर रचावे लागते. रंगाचा विषय मुलांपुढे काढू नका म्हणणाऱ्यांनी साक्षीला माणूस आणला तो नेमका हा.

१९६४ च्या कायद्याने प्रश्न मिटला असता, तर पुढच्याच मार्चमध्ये अलाबामातल्याच सेल्मा गावाच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्यांना पोलिसांनी झोडपले नसते आणि त्यानंतर १९६५ मध्ये मतदान हक्कांचा व १९६८ मध्ये घरांविषयीचा असे आणखी दोन कायदे करावे लागले नसते.

अपराधी वाटण्याच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्याच दिवशी आयोवातील रायसव्हिल येथे जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून उच्च आणि नीच ठरवण्याचा प्रयोग केला. त्याचे आजही कौतुक होते, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलांना असे वागवणे मला पटत नाही. तथापि, तो दोष पद्धतीचा आहे, विषयाचा नाही. इतिहास नीट सांगितला, तर गोऱ्या मुलाला त्यात शिव्या देणारा जमाव भेटतो, तशी बार्बरा हेन्रीही भेटते आणि १९६४ मध्ये मिसिसिपीत चळवळीचे काम करताना जेम्स चेनी या कृष्णवर्णीय सहकाऱ्याबरोबर मारले गेलेले श्वर्नर आणि गुडमन हे गोरे तरुणही भेटतात.

राहिले आपले भारतीय. अमेरिकेच्या सैन्यात काम केलेल्या भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्व मिळावे म्हणून आपण उच्च जातीचे आर्य असल्यामुळे गोऱ्यांतच मोडतो, असा युक्तिवाद केला होता आणि १९२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळून त्यांना नागरिकत्व नाकारले. १९४६ नंतरही तिकडे स्थायिक होण्यासाठी भारतीयांना वर्षाला अवघ्या शंभर जणांचा कोटा होता. देशनिहाय कोट्याची ती पद्धत मोडणारा कायदा ऑक्टोबर १९६५ मध्ये आला, तो याच चळवळीने तापवलेल्या वातावरणात. ताई आणि भाऊजी ज्या वाटेने तिकडे गेले, ती वाट तेव्हा खुली झाली.

तेव्हा ताई, सूट मागू नकोस. शाळेला लिहायचेच असेल, तर मुलांकडून वर्गात कसले खेळ करून घेणार आहात, आणि किंग यांचे तुरुंगातले पत्र वाचून दाखवणार आहात की भाषणातले तेच एक वाक्य, एवढे विचार.