‘बॅलन्सिंग करा आणि विषय संपवा’ म्हणणाऱ्या वाचकमित्रास

नमस्कार दादा,

जीप थरथरत असेल तर शाफ्टचे, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या नळीचे, कोन मोजा असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की कोन मोजत बसणं पुस्तकी आहे. मिलिटरीच्या जुन्या ट्रकांचे शाफ्ट कितीतरी तिरके असूनही ते थरथरत नाहीत, तेव्हा बॅलन्सिंग करावं, म्हणजे शाफ्ट मशिनवर फिरवून त्याचं वजन सगळीकडून सारखं करावं, आणि विषय संपवावा.

ट्रकांचं तुम्ही बरोबर पाहिलंत, आणि मुद्दाही तोच आहे. नुसत्या तिरकेपणानं गाडी थरथरत नाही. दोन टोकांचे कोन वेगळे पडले की थरथरते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना क्रॉसचा जॉइंट असतो, म्हणजे दोन फोर्क (दुबेळकी टोकं) अधिकच्या आकाराच्या तुकड्यानं जोडलेले. तो कोनात फिरला की पुढचा भाग एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. 10 अंशांना हा फरक दोन्हीकडे दीड-दीड टक्का, 20 अंशांना सहा-सहा टक्के. दुसऱ्या टोकाला तेवढाच कोन असेल आणि शाफ्टवरचे दोन्ही फोर्क एका रेषेत असतील, तर दुसरा जॉइंट तो फरक पुसून टाकतो.

आता आपल्या जीप बघा. सीजे-3बी या जुन्या जीपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जेमतेम 80 इंच, त्यात मागचा शाफ्ट अगदी आखूड. हौसेनं मागे लांब शॅकल (पाट्याच्या स्प्रिंगचं टोक चासीला टांगणाऱ्या पट्ट्या) टाकले की पाट्याचं मागचं टोक खाली जातं आणि पिनियनचं, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट जिथे जोडतो त्या गिअरचं, नाक वर वळतं. शाफ्ट जास्त तिरका होतो, पण खालचा कोन वरच्याइतका वाढत नाही. बॅलन्सिंगच्या मशिनवर हे दिसणारच नाही, कारण शाफ्ट तिथे सरळ फिरतो. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये पाचर घालून पिनियन जागेवर आणावं लागतं.

बॅलन्सिंग मीही केलं होतं, दोनदा. तरी त्र्यंबक रस्त्यावर ताशी साठला पोचलं की ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा) दांडा हाताला झिणझिण्या आणायचा. शेवटी शाफ्ट उतरवून स्प्लाइन, म्हणजे शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात तो दातेरी जोड, रॉकेलनं धुतली. वाळलेल्या ग्रीसखाली दोन बाण निघाले, एक नळीवर, एक सरकत्या फोर्कवर, आणि दोघांत एका दाताचा फरक. क्रॉस बदलताना मीच तसा जोडला होता. दात 16 असतील तर एका दातानं साडेबावीस अंश चुकतात! बाण जुळवून बसवला आणि दांडा शांत झाला.

एक मात्र मान्य. क्रॉस ढिला आहे का, नळीला पोचा किंवा वाळलेला चिखल आहे का, हे सगळ्यांत आधी बघायला हवं. ते मी लिहायला हवं होतं. आणि थरथर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर बदलत नसेल, फक्त वेगाबरोबर वाढत असेल, तर बॅलन्सिंगचा संशय आधी घ्या, तिथे तुमचंच खरं.

शाफ्ट पूर्ण सरळ करायच्या मागे मात्र लागू नका. शून्य कोनात क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या हलत नाहीत, एकाच ठिकाणी खड्डे पाडतात. अंशभर कोन हवाच.

तुमच्या गाडीला शॅकल मूळचे आहेत की बदललेले, तेवढं कळवा. आणि शाफ्ट खोलण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एक रेघ ओढून ठेवा.